पोरगा म्हणतोय, पाच एकर ऊस लावू

पाण्याचा हिशेब : वाचकांची पत्रं, नानांची उत्तरं

या महिन्यात पत्रं बरीच आली. त्यांतली एकोणीस 'बोअर कुठं मारू' एवढंच विचारणारी आहेत. त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर खाली दिलंय. बाकीच्यांतली पाच निवडली. नव्या वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं पाणी मोजलं आणि २०१९ साली शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. गाव खटाव तालुक्यातलं, येरळेच्या काठचं. घर विट्यात. ७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो, आईबरोबर खडी फोडायला जायचो आणि सुकडी खायचो. पाण्याच्या बाबतीत माझा हात थोडा आखडता आहे तो तेव्हापासून. उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

नाना, नमस्कार. आमचं आटपाडी तालुक्यात साडेसात एकर रान. चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला परमुलखात गेले, मी गावातच राहिलो. डाळिंब होतं, तेल्या रोगानं गेलं. आता टेंभूचं पाणी बांधाला आलंय. थोरला पोरगा म्हणतोय, पाच एकर आडसाली ऊस लावू, कारखाना न्यायला तयार आहे. मला धास्ती वाटते, पण का वाटते ते त्याला सांगता येत नाही. दुष्काळ गेला असं आता म्हणायचं का?
— एक शेतकरी, ता. आटपाडी

दादा, तुमच्या धास्तीला कारण आहे आणि ते आकड्यांत मांडता येतं. पोराला शेजारी बसवा, कागद-पेन्सिल घ्या.

टेंभू योजना कराडच्या खाली कृष्णेतून पाणी उचलते. मूळ आराखडा २२ टीएमसीचा, भिजवायचं क्षेत्र ८०,४७२ हेक्टर, म्हणजे जवळजवळ दोन लाख एकर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आपल्या घागरीच्या भाषेत २,८३२ कोटी लिटर. बावीस टीएमसीला दोन लाख एकरांनी भागलं की एकरी ३१ लाख लिटर येतं. हेही नदीकाठच्या पंपावर मोजलेलं. वाटेत कालवा पितो, ऊन पितं, मधलेही पितात. बांधावर पोचतं ते कमीच. तरी आपण पोराच्या बाजूनं हिशेब करू आणि ३१ लाखच धरू.

आता ऊस. सरीतून पाट सोडून भिजवला तर वर्षाच्या उसाला एकरी एक कोटी लिटरच्या आसपास लागतं. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा, त्याला त्याहून जास्त. म्हणजे तुमचा एक एकर ऊस योजनेच्या वहीत तीन एकरांच्या नावावर लिहिलेलं पाणी पिणार. पाच एकरांना सोळा एकरांचं पाणी लागणार. तुमचं रान साडेसात एकर. मग उरलेल्या साडेआठ एकरांचं पाणी कुणाचं, ते पोराला विचारा. तो 'कालव्याचं' म्हणेल. कालव्याला स्वतःचं पाणी नसतं, ते खालच्या अंगाच्या कुणाच्या तरी पाळीतलं असतं.

हे डोळ्यांपुढं यावं म्हणून दुसरं माप सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, आठवत असेल. पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला २५ लाख लिटर. सगळा देश बघत होता. तसल्या चार गाड्या रिकाम्या केल्या की एक एकर ऊस वर्षभर भिजतो.

आमच्या भावकीत हेच घडलं. पाणी आलं त्या वर्षी थोरल्या भावानं दोन एकर लावला. पहिली तोड झकास गेली, त्यानं दारात नवी मोटारसायकल उभी केली. ती बघून पुढच्या वर्षी वरच्या अंगाच्या बारा-तेरा जणांनी लावला. तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली, आवर्तन, म्हणजे कालव्याची पाळी, लांबलं आणि जे आलं ते आमच्या चारीपर्यंत पोचेपर्यंत बोटभर झालं. खोडवा, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, जागेवर वाळला. मी खात्यात, पाळ्यांचा तक्ता माझ्या टेबलावर, आणि घरच्या उसाला पाणी देता येईना. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसरी गोष्ट विजेची. नदीतलं पाणी तुमच्या माळावर टप्प्याटप्प्यानं चढवून आणलंय. एकूण चढण ३०० मीटर धरली तर हजार लिटर पाणी वर आणायला एक युनिटाहून थोडी जास्त वीज जाते. पंपाची, मोटारीची घट धरून. एकरभर उसाच्या एक कोटी लिटरला अकरा-बारा हजार युनिटं. आज या बिलातला ८१ टक्के भाग सरकार भरतं आणि १९ टक्के आपल्याकडून घेतं, म्हणून ते बोचत नाही. हे प्रमाण शासन निर्णयानं ठरलंय, दुसऱ्या शासन निर्णयानं बदलू शकतं. सोळा महिन्यांचं पीक लावताना त्याचाही विचार हवा.

पोराची बाजूही खरी आहे, ती मला मोडायची नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, आहे, घेणारा ठरलेला आहे, तेल्या नाही, मर नाही, अवकाळीनं एका रात्रीत सगळं जात नाही. शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, अशी हमी कुणी दिली असती तर माणदेशात कुणी उसाकडं बघितलंही नसतं. शहरातली माणसं शेतकऱ्याला उसावरून नावं ठेवतात तेव्हा मला राग येतो, कारण त्यांनी शाळूचा भाव कधी विचारलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की एक एकर लावा, तोही ठिबकवर, पाचट न जाळता. ठिबकवर साठ लाख लिटरच्या आसपास भागतं. दोन एकर फळबाग पुन्हा बसवा, रोपं मात्र पारखून घ्या. उरलेल्या रानात शाळू, हरभरा, थोडं कडवळ, मका. आणि ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर ऊस लावायचा मोह पोराला होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो. ठिबक आलेल्या कितीतरी गावांत पाण्याचा वापर कमी झाला नाही, हिरवा पट्टा तेवढा रुंदावला.

नानासाहेब, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावानं श्रमदान केलं, सीसीटी (सलग समतल चर) झाल्या, ओढा खोल-रुंद झाला, जिहे-कठापूर उपसा योजनेच्या पाण्याचीही आशा आहे. तरी मार्चला विहिरी तळ गाठतात. आम्ही गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू? आम्ही बायकाच आहोत जास्त, इंजिनिअर कुणी नाही.
— एक सदस्या, ता. खटाव

ताई, इंजिनिअर नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. घरात साखर किती दिवस पुरेल याचा हिशेब ज्यांना जमतो त्यांना हाही जमतो. पुरुष मंडळी 'किती आलं' एवढंच बोलतात, 'किती गेलं' हे बायकांना ठाऊक असतं.

श्रमदानाबद्दल आधी. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ साली माण तालुक्यातलं टाकेवाडी. आपल्या सातारा जिल्ह्याचा तो अभिमानच आहे. पण चर खणले, बांध घातले म्हणजे हिशेबाची जमेची बाजू वाढली. खर्चाच्या बाजूला कुणी कुदळ लावली नाही. पाणी दिसलं की मोटारी वाढतात, आणि दोन-तीन वर्षांत मार्च पुन्हा मार्चसारखा होतो.

आता ताळेबंद. मी एक नमुन्याचं गाव घेतो, तुम्ही त्यात तुमचे आकडे भरा. गावाचं क्षेत्र १,५०० हेक्टर, वस्ती २,०००, पाऊस ४०० मिलीमीटर. एवढ्या क्षेत्रावर एवढा पाऊस म्हणजे ६०० कोटी लिटर. आकडा ऐकून ग्रामसभेत टाळ्या पडतील, पडू द्या. मग सांगा की यातलं बहुतेक पाणी माती धरते, खरिपाची बाजरी-मटकी पिते, ऊन उडवतं, थोडं ओढ्यानं जातं. आपल्या काळ्या खडकात मुरून विहिरींना मिळतं ते सात-आठ टक्के. पंचेचाळीस कोटी लिटर धरा. गावाचं पासबुक ते एवढंच.

खर्चाला पहिलं नाव पिण्याच्या पाण्याचं. माणशी रोज ५५ लिटर हा सरकारी निकष. दोन हजार माणसांचं वर्षाचं पाणी होतं चार कोटी लिटर. इथं जरा थांबा आणि आटपाडीच्या शेतकऱ्याचं वरचं उत्तर आठवा. चार कोटी लिटर म्हणजे पाटानं भिजवलेला चार एकर ऊस. सगळ्या गावाचं वर्षाचं पिणं, धुणं, आंघोळ एका बाजूला आणि एका घराचा चार एकर ऊस दुसऱ्या बाजूला. ग्रामसभेत भांडण लागेल अशी ही ओळ आहे, म्हणून ती मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

दुसरं नाव जनावरांचं. सहाशे गाई-म्हशींना प्रत्येकी पन्नास लिटर, दीड हजार शेळ्या-मेंढ्यांना पाच-पाच. मिळून दीड कोटीच्या आत. माणसं-जनावरं मिळून साडेपाच कोटी. पाइपाची गळती, लग्नसराई, जत्रा, नवी पोल्ट्री, दूध संकलनाची धुण्याची टाकी, पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे हे सगळं धरून आठ कोटी बाजूला काढा. हे पाणी ज्या विहिरीत आहे तिच्या आसपास उन्हाळ्यात दुसरी मोटार चालायची नाही. हा ठराव कागदावर करा, आणि तो पाळायला लावणारी माणसं आधी ठरवा. आमच्या गावात ठराव होता, माणूस नव्हता.

उरले सदतीस कोटी. शाळूला एक पाणी द्यायचं म्हणजे एकरी तीन लाख लिटर. दोन पाण्यांचा शाळू घेतला तर सहाशे एकर भिजतो. ऊस घेतला तर सदतीस एकर. गाव तेच, पाणी तेच.

आता महत्त्वाचं, तारीख. हा हिशेब मे महिन्यात मांडून उपयोग नाही, तेव्हा फक्त टँकरचा अर्ज लिहिता येतो. परतीचा पाऊस संपला, रब्बीची पेरणी व्हायची आहे, अशा कोजागरीच्या सुमाराला मांडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज काढतात. तुम्हीही तेच करा. दहा विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या, खालच्या. सुती दोरीला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, ते वहीत लिहा. सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आधी मोजा. दुपारी मोजलं तर उपशानं खाली गेलेली पातळी मिळते. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी दुपारी मोजत होतो. एका म्हाताऱ्यानं हटकलं, 'सायेब, दमलेल्या बैलाचं वजन करताय व्हय?'

या गाठींचा अर्थ असा : खडकाची साठवण दोन टक्के धरली तर १,५०० हेक्टरवर पातळी एक मीटरनं खाली जाणं म्हणजे तीस कोटी लिटर पाणी संपणं. ऑक्टोबर ते जानेवारी दीड मीटर गेलं तर पंचेचाळीस कोटींचं पासबुक जानेवारीतच रिकामं. मग मार्चला विहिरी का आटतात याचं कोडं राहत नाही.

एक पर्जन्यमापक घ्या, शाळेच्या आवारात लावा, पोरांना नोंदी करू द्या. तालुक्याचा आकडा तुमच्या गावाला लागू पडतोच असं नाही. आपल्याकडं पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात ढग नुसते बघून जातात. ताळेबंद तीन रकान्यांत मांडा: बऱ्या पावसाचा, मध्यम पावसाचा, आणि अडीचशे मिलीमीटरच्या वाईट वर्षाचा. वाईट वर्षात पाऊस निम्म्याच्या आसपास आला तरी मुरणारं पाणी निम्मं राहत नाही, पुष्कळच कमी होतं, कारण आधी माती आपली तहान भागवते. पेरणीचं ठरवताना मध्यम रकाना बघा. नवी फळबाग लावताना मात्र वाईट रकाना बघा, झाडाला तहकूब करता येत नाही.

जिहे-कठापूरचं पाणी आलं तर जमेच्या बाजूला निराळ्या शाईनं लिहा. योजना ३.१७ टीएमसीची, खटाव आणि माण मिळून २७,५०० हेक्टरांची. तुमच्या वाट्याला त्यातलं काय येतं ते लेखी मागा. जे लेखी नाही ते ताळेबंदात धरू नका.

आणखी दहा-पंधरा वर्षांचा एक रकाना जोडा म्हणून मी सांगत असतो, लोक हसतात. पण गावात नळ घरात आला की घागरीचा हिशेब मोडतो, विट्या-वडूजसारख्या ठिकाणी वस्ती वाढते, आणि शहराचा निकष माणशी १३५ लिटरचा आहे. ते वाढीव पाणी आज शेतात असलेल्या पाण्यातूनच जाणार.

मी सांगलीत गावभागात राहते. २०१९ ला घरात पाणी, २०२१ ला पुन्हा. आणि उन्हाळ्यात टीव्हीवर जतचे टँकर दाखवतात. आमच्या दारातलं हे पाणी उचलून तिकडं का नेत नाहीत? इतकं साधं कुणाला कसं कळत नाही?
— एक गृहिणी, सांगली

ताई, तुमच्या जिन्यावरच्या गाळाची रेघ मी पाहिलेली नाही, पण आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आकडे रोज ऐकायचो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

अडचण वेगाची आहे. पुरात नदी सेकंदाला लाख घनफुटांनी वाहते तेव्हा दिवसाला ८.६४ टीएमसी पाणी जातं. हजार क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला हजार घनफूट उचलणारे, पंप अहोरात्र चालवले तरी दिवसाला ०.०८६ टीएमसी. म्हणजे नदी शंभर घागरी नेते तेव्हा पंप एक घागर उचलतो. सगळ्या योजनांचे सगळे पंप लावले तरी तुमच्या जिन्याची एक पायरी मोकळी व्हायची नाही. पुराचा इलाज धरणांतून पाणी कधी सोडायचं आणि नदीच्या पात्रात बांधकाम कुणी करायचं नाही, यात आहे. तो वेगळा विषय, आणि त्यावर लिहिलं की मला फोन येतात.

उलट बाजू मात्र तुमच्या म्हणण्याला धरून आहे. पावसाळ्यात म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पंप चालवून वरचे तलाव भरून घेता येतात, आणि अलीकडं तसं केलंही जातं. सांगलीचा पूर त्यानं उतरत नाही, पण दुष्काळी पट्ट्यातल्या तलावाची पायरी चढते. त्यासाठी ते तलाव ऑगस्टमध्ये रिकामे हवेत आणि गाळ काढलेले हवेत.

एक मेख उरते. कृष्णेला पूर नसतो अशी वर्षंही येतात, आणि नेमकी तीच जतच्या दुष्काळाची असतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस आणि म्हसवडला पाचशेच्या आत, हे दीडशे किलोमीटरांतलं अंतर आहे. पण मोसम रुसला तर दोन्हीकडं एकदमच रुसतो. पुराचं पाणी बोनस समजा, पगारात धरू नका.

काका, मी कराडला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे काय, आणि महाराष्ट्राला कृष्णेचं नेमकं किती पाणी? पुस्तकांत वेगवेगळे आकडे आहेत. शिवाय कोयनेचं पाणी पूर्वेला वळवा, अशी मागणी कितपत बरोबर?
— एक विद्यार्थी, कराड

बाळ, आकडे वेगळे दिसतात कारण राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणारे लवाद दोन आहेत. बच्छावत लवादानं १९७३ ला निवाडा दिला, १९७६ ला पुढचा अहवाल आला. त्यानं कृष्णा खोऱ्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी २,०६० टीएमसी धरलं. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००, आणि शेतीतून नदीला परत येणाऱ्या पाण्याचा वाटा त्यावर वेगळा. ब्रिजेशकुमार लवादानं २०१० ला महाराष्ट्राचा आकडा ६६६ केला, पण तो निवाडा लागू करण्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली.

७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं नदीत निदान इतकं पाणी असतं. उरलेली पंचवीस वर्षं नसतं. ही पंचवीस कुठली आणि ती लागोपाठ येतात का, हे परीक्षेत विचारत नाहीत. माणदेशात तेच आधी विचारतात.

कोयनेचं बघ. धरण १०५.२५ टीएमसीचं, त्यातलं ६७.५ टीएमसी वीज करून पश्चिमेला जातं आणि वासिष्ठीतून समुद्राला मिळतं. म्हणजे तीन टेंभू. मागणी कानाला गोड लागते, आणि कधीतरी यातलं काही पाणी पूर्वेला यावं असं मलाही वाटतं. पण ती वीज संध्याकाळच्या भरगर्दीच्या वेळची आहे, तिला पर्याय उभा राहायला हवा. आणि पूर्वेला आणलेलं पाणी उताराला लागत नाही, चढवावं लागतं. एकीकडं वीज बुडणार, दुसरीकडं वीज लागणार. दोन्ही आकडे मांडल्याशिवाय भाषण करू नकोस.

बोअर कुठं मारू? (एकोणीस पत्रं)

पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो की नाही यावर मी बोलणार नाही, माझ्या सासऱ्यांच्या हातात तो राहायचा. २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे, हे बोअरच्या गाडीवाला तुम्हाला सांगणार नाही. सहाशे फुटांवर लागलेलं पाणी एक तर तुमच्या शेजाऱ्याच्या फटीतलं असतं, नाही तर कित्येक वर्षांपूर्वी मुरलेलं. ते एकदाच मिळतं. माझ्या घराच्या परसात ५२० फुटांचं कोरडं भोक आहे, बघायला या.

साहेब, आम्हाला जमीन नाही. मी जत तालुक्यातली, बारा शेळ्या आणि सात मेंढ्या आहेत. गावात पाण्याची मीटिंग असली की बोलावतात सातबारावाल्यांना. पाणी येणार, येणार म्हणतात. आलं तर त्यात आमचं काय?
— एक शेळीपालक, ता. जत

बाई, हे पत्र तुम्ही दुसऱ्याकडून लिहून घेतलंय असं अक्षरावरून वाटतं. उत्तरही वाचून दाखवायला सांगा.

कायद्यानं बघितलं तर तुमचं फारसं काही नाही. पाणी वापर संस्था २००५ च्या कायद्यावर चालतात, त्यात सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. ज्याला जमीन त्याला पाणी, जास्त जमीन त्याला जास्त पाणी.

पण आपल्याच सांगली जिल्ह्यात याच्या उलटंही झालेलं आहे. येरळेवर बळवडी-तांदुळवाडीला लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीची वाळू ठेकेदार नेत होते, ती लोकांनी स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. पाणी वाटताना जमिनीकडं बघितलं नाही. प्रत्येक घराला वाटा, भूमिहीनालाही, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. ज्याला जमीन नाही त्यानं आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या रानात घालून पीक वाट्यानं करायचं. पुढं १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, अशी माणसं तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधून हेच मागत राहिली, की समन्यायी वाटप करा. मी तेव्हा सरकारी नोकर, सभेला कडेला उभा राहून ऐकायचो. मोजणीच्या बाजूनं मला ते अशक्य वाटायचं; घराघराला पाणी मोजून द्यायचं कसं? आता बंदिस्त पाइपलाइन आली, मीटर आले. ती अडचण आता सांगता येणार नाही.

तुम्ही काय करायचं, तर दोन गोष्टी. ग्रामसभेला जा, तिथं सातबारा लागत नाही, मतदार यादीत नाव लागतं. जनावरांचं पाणी गावाच्या ताळेबंदात पिण्याच्या पाण्यालगत दुसऱ्या ओळीवर आलं पाहिजे, हे मोठ्यानं सांगा. तुमची एकोणीस जनावरं दिवसाला शंभर लिटरही पीत नाहीत. वर्षाचं चौतीस-पस्तीस हजार लिटर. एकरभर उसाला जितकं पाणी लागतं तितक्यात असे जवळजवळ तीनशे कळप जगतात. हा आकडा पाठ करा.

दुसरं, तलाव भरला की त्याच्या खालच्या गायरानात चाऱ्याला पाण्याचा वाटा मागा. माडग्याळी मेंढी तुमच्या तालुक्याचं नाव देशभर घेऊन गेली, तिला हिरवा घास मिळायला कुणाची ना नसावी. मीटिंगला बोलावलं नाही तरी जा, जाताना एकटीनं जाऊ नका. आणि काय झालं ते परत लिहून कळवा.

चुकीची दुरुस्ती

मागच्या अंकात शेततळ्याच्या उत्तरात मी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात २,७०० घनमीटर पाणी मावतं असं लिहिलं होतं. तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी कळवलंय की तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, हौदासारख्या उभ्या नसतात. त्यांचं बरोबर आहे. एकास एक उतार धरला तर २,१९६ घनमीटर भरतं. त्यातला वरचा एक मीटर, म्हणजे ८४१ घनमीटर, उन्हाळ्यापर्यंत ऊनच पितं. तेव्हा ज्यांनी माझ्या आकड्यावर दोन एकर द्राक्षाचं पाणी बसवलं असेल त्यांनी १,३५५ घनमीटर धरून पुन्हा हिशेब करावा. छाटणी अजून व्हायची असेल तर फेर करायला वेळ आहे.